कान मोकळा ठेवणारी श्रवणयंत्रं आली कुठून?

वयानं ऐकू कमी येतं म्हणजे सगळ्याच आवाजाचा व्हॉल्यूम खाली जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, कारण ते टिपणाऱ्या पेशी कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, सुरुवातीच्या टोकाला असतात आणि झिजायला लागतात त्यासुद्धा आधी त्याच. म्हणून सुरुवातीला आ, ओ, ऊ खणखणीत ऐकू येतात आणि स, श, फ, थ हरवतात, साठ म्हटलं की आठ म्हटलं ते कळत नाही. "ऐकू येतं पण समजत नाही, हल्ली सगळे पुटपुटतात" ही तक्रार इथूनच येते, आणि ती अगदी खरी असते, घरच्यांनी उगाच "लक्ष नसतं तुमचं" म्हणू नये.

आता अशा माणसाच्या कानात श्रवणयंत्राचा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापानं बनवलेला बुचासारखा तुकडा, ठासून बसवला तर काय होतं बघा. खालच्या पट्टीचं जे मुळात नीट ऐकू येत होतं त्याची वाट आपणच बंद केली, आणि वरून स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागला. दोन्ही कानांत बोटं घालून लांब "ई" म्हणून बघा, लगेच कळेल. बोलताना घशातली थरथर हाडातून कानाच्या नळीपर्यंत येते, एरवी ती बाहेर निघून जाते, नळी बंद असली की आतच अडकते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला आपलाच आवाज २० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. चावण्याचा, गिळण्याचा आवाजही तसाच. कमी श्रवणदोष असलेल्या कित्येकांनी मशीन घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं, आणि दोष मात्र त्यांच्या हट्टी स्वभावाला दिला गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

कान उघडा ठेवायची कल्पना काही नवी नव्हती. १९६० च्या दशकात एका कानानं अजिबात ऐकू न येणाऱ्यांसाठी क्रॉस पद्धत आली, त्या बाजूला माइक लावायचा आणि आवाज चांगल्या कानापर्यंत न्यायचा. चांगला कान बंद करून चालणार नव्हतं म्हणून तिथे उघडा मोल्ड किंवा नुसती नळी ठेवायचे. ज्यांच्या त्या चांगल्या कानातही उंच आवाज कमी झालेले होते त्यांना ते फारच मानवलं. म्हणजे उत्तर तेव्हाच सापडलेलं होतं, मग एवढी वर्षं अडलं कुठे?

अडलं शिट्टीपाशी. कान उघडा म्हणजे वाढवलेला आवाज बाहेर गळणार, तोच माइक परत पकडणार, परत वाढवणार, आणि मशीन किंचाळणार. क्रॉसमध्ये माइक डोक्याच्या पलीकडच्या बाजूला असल्यानं हे निभावून जायचं, पण माइक आणि नळी एकाच कानावर आले की जमेना. मग मोल्डला बारीक भोक पाडायचं, म्हणजे व्हेंट, आणि तरी शिट्टी आली तर उंच फ्रिक्वेन्सीचा गेनच, म्हणजे आवाज किती वाढवायचा तेच, कमी करायचा. म्हणजे ज्या आवाजासाठी मशीन घेतलं तोच कापायचा!

१९९६ च्या सुमारास कानात किंवा कानामागे मावणारी पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली आणि हळूहळू चित्र बदललं. चिपला आता गळून परत येणारा आवाज कसा असेल याचा अंदाज बांधून तो आतल्या आत वजा करता यायला लागला, शिट्टी धरायच्या आधीच. दुसरी गोष्ट उशिराची. उघड्या कानात थेट आलेला आवाज आणि मशीनमधून आलेला आवाज एकत्र होतात, दोघांत साधारण १० मिलिसेकंदांच्या वर फरक पडला तर ऐकताना खटकायला लागतं, तेव्हा प्रोसेसिंगही फास्ट हवं होतं. हे सगळं जुळून आल्यावर २००३ मध्ये रीसाउंडएअर नावाचं यंत्र आलं, कानामागे छोटंसं मशीन, पातळ नळी आणि टोकाला भोकं असलेला मऊ सिलिकॉनचा डोम. मोल्डसाठी कानाचं माप घ्यायलाच नको. पुढे स्पीकर, म्हणजे रिसीव्हरच, कानाच्या नळीत ठेवायची पद्धत जोरात चालली आणि आज उघडा डोम लावलेली बरीच यंत्रं याच प्रकारची दिसतात.

म्हणून निवडताना आधी ऑडिओग्रामची, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखाची, डावी बाजू बघायची, खालच्या पट्टीचे आवाज तिथे असतात. २५०, ५०० हर्ट्झला ऐकणं जवळपास नॉर्मल आणि उतार पुढे असेल तर उघडा डोम बरोबर. खालचंही बरंच गेलं असेल तर नको, कारण मशीननं दिलेला खालचा आवाज त्याच भोकांतून बाहेर पळतो. गोंगाटात मात्र आसपासचा आवाज तसाच आत येतो, दिशा धरणारे माइक खालच्या पट्टीत फार काही करू शकत नाहीत, हे घेण्याआधीच सांगितलेलं बरं. फोनवरची गाणी थेट मशीनमध्ये ऐकली तर बेस पातळ वाटतो, पण तेवढ्यासाठी बंद डोम मागू नका, बोलणं समजावं म्हणून घेतलंय ना. आणि डोम बसवल्यावर ऑडिओलॉजिस्टला कानात बारीक प्रोब घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष आवाज किती पोचतोय ते मोजायला सांगा, कारण उघड्या कानात सॉफ्टवेअरचा अंदाज सहज चुकतो. रिसीव्हर कानात असेल तर मळानं तो बंद पडतो, तेव्हा वॅक्स फिल्टर बदलायला तिथेच शिकून घ्या. पुढे काही वर्षांनी खालचंही कमी झालं तर बऱ्याचदा मशीन तेच राहतं, डोम बदलला किंवा मोल्ड करून घेतला आणि नवीन सेटिंग केलं की काम भागतं.