लिसा मर्काउस्की: छापील नावाशिवाय जिंकलेली निवडणूक आणि त्यानंतर

अलास्काच्या सिनेटर लिसा मर्काउस्की रिपब्लिकन आहेत, पण पक्षाने त्यांचं मत गृहीत धरायचं केव्हाच सोडलंय. ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा डाव २०१७ मध्ये ज्या तीन रिपब्लिकन मतांमुळे फसला, त्यातलं एक त्यांचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांमध्येही त्या होत्या. याला त्यांचा बाणेदारपणा म्हणतात. असेलही. पण एवढा बाणेदारपणा परवडतो कसा, हे कळायला २०१० च्या निवडणुकीकडे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. वडील फ्रँक मर्काउस्की १९८१ पासून सिनेटर होते. २००२ मध्ये ते गव्हर्नर झाले आणि रिकाम्या झालेल्या आपल्याच जागेवर त्यांनी मुलीला नेमलं. आपल्याकडे याचं कुणाला फारसं नवल वाटणार नाही; तिथे मात्र एवढा गहजब झाला की २००४ मध्ये मतदारांनी थेट कौल देऊन गव्हर्नरच्या या अधिकाराला चाप लावला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी मुलीला सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने निवडूनही दिलं. वडिलांना मात्र २००६ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच तिसऱ्या क्रमांकावर जावं लागलं. तिथे जिंकल्या त्या सारा पेलिन.

ऑगस्ट २०१० मध्ये लेकीवरही तीच वेळ आली. टी पार्टी या रिपब्लिकनांमधल्या कडव्या उजव्या चळवळीचं वारं होतं. फेअरबँक्सचे वकील जो मिलर यांनी पेलिन यांच्या पाठिंब्यावर त्यांना सुमारे दोन हजार मतांनी हरवलं. एका छोट्या पक्षाच्या तिकिटाची चाचपणी झाली, त्यांनी दार लावून घेतलं. म्हणजे मतपत्रिकेवर नाव छापून येण्याचा मार्गच उरला नाही. १७ सप्टेंबरला त्यांनी ‘राइट-इन’ उमेदवारी जाहीर केली आणि सिनेटमधलं पक्षनेतृत्वातलं पद सोडलं. मतदान होतं २ नोव्हेंबरला.

राइट-इन म्हणजे छापील उमेदवारांच्या खाली एक कोरी ओळ असते, तिच्याशेजारचा लंबगोल रंगवायचा आणि ओळीवर हाताने नाव लिहायचं. (आपल्याकडे कागदी मतपत्रिकेवर असं काही खरडलं असतं तर मत बाद होण्याचीच भीती.) छापील उमेदवारांना हरवून या मार्गाने सिनेटवर याआधी एकच जण निवडून गेला होता, दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड, १९५४ मध्ये. त्यात आडनाव (Murkowski) असं, की इंग्रजी मातृभाषा असलेलाही अडखळेल. त्यामुळे प्रचाराचा अर्धा भाग स्पेलिंगच्या शिकवणीतच गेला. हातात घालायचे रबरी पट्टे वाटले गेले, त्यांवर रंगवलेला लंबगोल आणि पुढे आडनाव. पट्टा घालूनच मतदानाला जा, बघून उतरवा, असा बेत. पैशाची बाजू मूलनिवासींच्या प्रादेशिक कंपन्यांनी सांभाळली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या निवडणूक खर्चावरची बंधनं उठवली होती, त्यामुळे दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उघडपणे उभी राहिली. बंडखोरीच्या कहाणीत हा भाग सहसा गाळला जातो.

खरी लढाई मतमोजणीत झाली. अलास्काच्या कायद्यात लिहिलं होतं की लंबगोल भरलेला हवा आणि नाव ‘उमेदवारी अर्जात आहे तसं’, किंवा नुसतं आडनाव, लिहिलेलं हवं. या नियमांना अपवाद नाही, असंही तिथेच नमूद होतं. मिलर यांचा मुद्दा सरळ होता: ‘आहे तसं’ म्हणजे अक्षर न् अक्षर. निवडणूक विभागाचं म्हणणं असं, की मतदाराचा इरादा कळला की पुरे. जुनो शहरात टेबलं मांडून एकेक मतपत्रिका डोळ्यांखालून घातली गेली. शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ लिहिलं, हरकत. मधला ‘डब्ल्यू’ गळला, हरकत. स्पेलिंग बिनचूक पण अक्षर गिचमिड, तरीही हरकत. हरकत घेऊनही मर्काउस्कींच्या खात्यात धरली गेलेली मतं होती ८,१५९.

मिलर यांचा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता, हे म्हणायला हवं. कायद्याचे शब्द त्यांच्या बाजूने वाचता येत होते. पण अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सगळ्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही, काहींना बोलता येतं पण तितकं लिहिता येत नाही, काहींना अपंगत्व आहे. अशांचं मत स्पेलिंगपायी फेकता येणार नाही, असा त्याचा आशय. मला हा निकाल योग्य वाटतो. शिवाय आकडेच असे होते, की वाद जिंकूनही मिलर हरलेच असते. मर्काउस्कींना १,०१,०९१, मिलरना ९०,८३९. हरकतीची ही सगळी मतं वजा केली तरी त्या दोन हजारांहून अधिक मतांनी पुढेच राहत होत्या.

यातून एक गोष्ट कायमची पक्की झाली: पक्षाचे कट्टर मतदार नसले तरी डेमोक्रॅट, अपक्ष आणि मूलनिवासी गावांच्या जोरावर त्या निवडून येऊ शकतात. २०१६ मध्ये मिलर लिबर्टेरियन पक्षाकडून पुन्हा उतरले, पुन्हा पडले.

मग २०२० मध्ये राज्याने निवडणुकीची पद्धतच बदलली. पक्षवार प्राथमिक फेऱ्या गेल्या. सगळ्यांची एकच फेरी, पहिले चार पुढे, आणि अंतिम मतदानात पसंतीक्रम, म्हणजे मागे पडून बाद झालेल्या उमेदवाराची मतं मतदाराच्या पुढच्या पसंतीला. हा कौल चार हजारांहूनही कमी मतांनी मंजूर झाला. पद्धतीचा मसुदा करणाऱ्या वकिलाने पूर्वी मर्काउस्कींच्या प्रचारात काम केलं होतं, यावर विरोधक आजही बोट ठेवतात. महाभियोगातल्या मतानंतर प्रदेश पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला आणि २०२२ च्या निवडणुकीत ट्रम्प यांचा पाठिंबा होता त्यांच्या विरोधातल्या रिपब्लिकन उमेदवार केली शिबाका यांना. पहिल्या पसंतीत दोघींमध्ये एका टक्क्याहूनही कमी अंतर. डेमोक्रॅट उमेदवार बाद झाल्यावर तिची बहुतेक मतं मर्काउस्कींकडे वळली आणि त्या ५३.७ टक्क्यांवर गेल्या. जुन्या पद्धतीत पक्षाच्या मतदारांनी त्यांना ऑगस्टमध्येच घरी बसवलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही.

ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये फेरमोजणीअंती अवघ्या ७४३ मतांनी फेटाळला गेला. मर्काउस्कींची सध्याची मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपते.