बाह्यवळणाचा प्रवास (इंदूर–महाराष्ट्र)

बाह्यवळणाचा प्रवास : वाटेतली शहरे आणि त्यांतली कोंडी टाळून लांबचा पल्ला गाठता यावा म्हणून मार्ग आणि वेळ आधीच आखून ठेवण्याची रीत. ‘बाह्यवळण’ हा शब्द महाराष्ट्रातल्या पाट्यांवर दिसतो. इंदुरात तो कोणी उच्चारत नाही. तिथे ‘बायपासने निघा’ एवढेच म्हणतात. होळकरशाहीपासून इंदुरात राहणाऱ्या मराठी घरांची सोयरीक पुणे, नाशिक आणि खानदेशाशी असल्यामुळे ही आखणी इथे घराघरांत चालते. लग्नाची तारीख ठरली की पाठोपाठ वाद सुरू होतो तो मनमाडवरून जायचे की नाशिकवरून, यावर.

आखणीचा पाया हिशेबाचा आहे. वळसा बारा किलोमीटरने लांब असला तरी मोकळ्या रस्त्यावर ताशी साठने तो बारा मिनिटांत सरतो. तेच अंतर वाचवायला गाडी गावात घातली आणि चार सिग्नल, एक भाजीबाजार आणि एक रेल्वेपूल आडवा आला, तर पाऊण तास सहज जातो. म्हणून जाणते लोक किलोमीटर मोजत नाहीत, कुठल्या गावाच्या वेशीवर किती वाजता पोहोचणार ते मोजतात. रस्ता बदलता येत नसेल तर वेळ बदलायची, हा दुसरा नियम. पहिल्यापेक्षा तोच अधिक कामाला येतो, कारण सगळ्याच गावांना वळसा नसतो.

इंदुरातून बाहेर कसे पडायचे हे घर कुठे आहे त्यावर ठरते. राजेंद्रनगरचा माणूस भाग्यवान; एबी (आग्रा–मुंबई) रोडने थेट शहराच्या दक्षिणेच्या राऊला लागतो, त्याला बायपासची गरजच नाही. टिळकनगरच्या माणसाने मात्र शहरातून राऊ गाठायचा हट्ट धरू नये. कनाडिया रस्त्याने पूर्वेला जाऊन बायपास धरावा आणि दक्षिणेला राऊकडे वळावे. रामबाग-नारायणबागेतून निघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच गैरसोयीच्या, त्याने फक्त पहाटेचा आसरा घ्यावा. एकेकाळी वस्तीबाहेरून जाणारा एबी रोड शहराच्या पोटात आला म्हणून मांगलिया ते राऊ असा पूर्वेचा बायपास निघाला. आता त्याच्याही दोन्ही अंगांना वसाहती, मंगल कार्यालये आणि शाळांच्या बस आहेत. बायपास निघाला की शहर त्याच्याकडे चालू लागते, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावर भरवसा ठेवू नये. बांधकामाची चौकशीही आधी करावी. २०२५ च्या जूनअखेर इंदूर–देवास रस्त्यावर अर्जुन बरोदजवळ पुलाच्या कामामुळे लागलेल्या जाममध्ये लोक तासन्‌तास अडकून पडले होते, आणि तो रस्ताही शहराबाहेरचाच.

राऊच्या पुढे जुना रस्ता महूच्या छावणीतून जात असे. चौपदरी महामार्ग तिला बगल देतो. पिथमपूरच्या कारखान्यांचे ट्रक इथे मिसळतात. मानपूरनंतर रस्ता माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरतो आणि शहर टाळण्याची गोष्ट काही काळ बाजूला राहते, कारण इथला खोळंबा घाटाचा असतो. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे इतके अपघात झाले की २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या वाहनांसाठी नवा वळणरस्ता सुरू करावा लागला. खलघाटला नर्मदा, मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, आणि पळासनेरला महाराष्ट्र. इथून पाट्यांवरची भाषा पालटते. ‘चौराहा’ जाऊन ‘चौफुली’ येते, ‘बायपास’चे ‘बाह्यवळण’ होते. नव्याने गाडी चालवणारी इंदुरी मुले पहिल्या बाह्यवळणावर हमखास चुकतात. शिरपूरजवळ तापी ओलांडली की धुळ्यापर्यंत आखायचे असे फारसे काही नाही.

खरी आखणी मालेगावपासून. पुण्याला जायची रूढ वाट मनमाड, येवला, कोपरगाव अशी आहे आणि तिची नाडी मनमाडच्या हाती. गावाजवळच पानेवाडीचे इंधन डेपो आहेत, त्यामुळे टँकरांची रांग ठरलेली. पुढे रेल्वेवरचा उड्डाणपूल. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याचा एक भाग ढासळला आणि इंदूर–पुणे वाहतूक कित्येक दिवस लांबच्या रस्त्यांनी वळवावी लागली. तेव्हापासून इंदूरकर निघण्याआधी मनमाडकडच्या नातलगाला एक फोन करतातच, ‘पूल चालू आहे ना?’ म्हणून. मनमाड टाळायचे तर मालेगावहून चांदवडमार्गे नाशिकच्या दिशेने जायचे. पण नाशिकचा द्वारका चौक हा मनमाडच्या पुलाचा थोरला भाऊ आहे. मुंबईला जाणारा उड्डाणपुलावरून निघून जातो. पुण्याकडे वळणाऱ्याला खाली उतरून चौकातच यावे लागते. त्यावर उतारा म्हणून जाणकार पिंपळगाव बसवंतहून निफाडमार्गे सिन्नर गाठतात. रस्ता अरुंद आहे आणि कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर पुढे सरकू देत नाहीत. तरी द्वारकेपेक्षा बरा.

कोपरगावनंतर पुन्हा दोन फाटे. शिर्डी–राहुरी–अहिल्यानगर हा रस्ता पूर्वी सगळ्यांचा होता. खड्डे, गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी शिर्डीची गर्दी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांनी त्याचे नाव खराब झाले आहे. नगर शहराला विळद–केडगाव बाह्यवळण आहे, पण तिथवर पोहोचेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा झगडे फाट्याला वळून तळेगाव दिघेमार्गे संगमनेर गाठणे चांगले. तिथून पुणे–नाशिक महामार्ग मिळतो. नारायणगाव, मंचर आणि खेडची बाह्यवळणे झाल्यापासून या रस्त्याने कात टाकली आहे. पूर्वी ही तीन गावेच दीड तास खात; आता गाडी थेट चाकणच्या तोंडाशी जाते आणि तिथे थांबते.

चाकणला वळसा नाही असे धरूनच चालावे. औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या सुटतात तेव्हा चाकण ते मोशी हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ उरत नाही. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून शक्य असेल तर पुण्यात पोहोचण्याचा दिवस गुरुवार ठेवतात. मात्र त्या गुरुवारी शिर्डीचा रस्ता घेऊ नये. नगरकडून येणाऱ्याचे चाकण म्हणजे वाघोली. ज्याला पुण्यात कामच नाही, साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जायचे आहे, त्याने नगर–शिरूरच्या वाटेने यावे आणि शिरूरहून न्हावरा, चौफुला, मोरगाव, नीरा, लोणंद असे करत सातारा गाठावा. वेळ फार वाचतो असे नाही. पण वाघोलीपासून कात्रजपर्यंतचा मनस्ताप वाचतो आणि मोरगावच्या गणपतीचे दर्शन घडते.

वेळापत्रक साधारण असे बसते. टिळकनगरहून पहाटे साडेचारला निघाले तर सव्वासहाला खलघाट, सव्वासातला सेंधवा, नऊला धुळे. चहा-नाश्ता धरून अकराच्या सुमारास मनमाड, बाराला कोपरगाव, दोनला संगमनेर, आणि चार-साडेचारच्या आत चाकण पार. एकूण सहाशे किलोमीटरच्या आसपास. निघायला सहा वाजले तर हाच हिशेब चाकणला संध्याकाळी सहावर येतो, म्हणजे दीड तासाची झोप पुढे दोन तासांच्या कोंडीत फेडावी लागते. जुन्या घरांतून गाडीच्या खणात एक वही असे. कुठल्या नाक्यावर किती वाजता, कुठे डिझेल, कुठला धाबा बंद पडला, अशी टिपणे तीत असत. दशम्या आणि बटाट्याची भाजी डब्यात नेण्यामागेही हेच गणित आहे. धाब्यावर जेवायला थांबले की पाऊण तास जातो आणि मनमाडला दुपारची गर्दी गाठते. गाडीत खायचे तर शेवेची पिशवी फोडणे हा एकच धोका.

मुंबईला जाणाऱ्यांची आखणी अलीकडे सोपी झाली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला. नाशिकच्या पुलावरून पुढे येऊन इगतपुरीला समृद्धीवर चढले की कसाऱ्याचा जुना घाट टळतो. टोलचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांना मिळू लागलेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी राज्याची असल्याने तिथे तो चालत नाही.

मोबाइलवरचा नकाशा आता वहीच्या जागी आला आहे. तो या क्षणाची कोंडी अचूक दाखवतो, पण आपण पाच तासांनी तिथे पोहोचू तेव्हाची त्याला नीट सांगता येत नाही. चार मिनिटे वाचवायला तो गाडी गावच्या पांदीत घालतो. म्हणून शेवटचे ठिकाण टाकून मोकळे होऊ नये. राऊ, झगडे फाटा, संगमनेर असे मधले थांबे स्वतः टाकावेत. घाटात नेटवर्क जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

जळगाव, बुलढाणा, अकोल्याकडे जाणाऱ्यांची वाट निराळी : सिमरोल, भेरूघाट, बडवाह, खंडवा, बऱ्हाणपूर. तिच्यावर कोंडी शहरांची कमी आणि मोरटक्क्याच्या नर्मदा पुलाची अधिक. पुरात तो बंद ठेवावा लागतो. श्रावणात आणि अमावास्येला ओंकारेश्वरच्या यात्रेकरूंची भर पडते.

परतीचा प्रवास याच आखणीचे उलटे रूप नाही. येताना राऊला रात्री आठ-नऊ वाजतात, तेव्हा टिळकनगरवाल्याने बायपास सोडू नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) असते. या दोन दिवशी जुन्या शहरात कुठलाच वळसा चालत नाही. रामबागेत घर असलेले लोक गाडी एखाद्या नातलगाच्या दारात लावतात आणि उरलेला रस्ता पिशव्या घेऊन पायी कापतात.