मेगामाइंड

ड्रीमवर्क्सचा २०१० चा अ‍ॅनिमेशनपट, दिग्दर्शक टॉम मॅकग्राथ. निळ्या कातडीचा, भोपळ्याएवढ्या डोक्याचा सुपरव्हिलन एकदाचा हिरोला हरवतो आणि मग पुढं करायचं काय हेच त्याला सुचत नाही, एवढीच गोष्ट. कंटाळून तो स्वतःच एक नवा हिरो तयार करायला जातो, ती पॉवर चुकून भलत्याच पोराला मिळते, तो पोरगा बिघडतो आणि शहर वाचवायचं काम येतं ह्याच्याच गळ्यात. मेगामाइंडला आवाज विल फेरेलचा, हिरो मेट्रो मॅनला ब्रॅड पिट, रिपोर्टर रॉक्सॅनला टिना फे. खर्च साधारण १३ कोटी डॉलर, जगभरची कमाई ३२ कोटींच्या आसपास.

कल्पना आधी कुणाची, ह्यावर वाद चालतो. त्याच वर्षी जुलैत डिस्पिकेबल मी येऊन गेला, त्यातही व्हिलनच सुधारतो आणि दोन्हीकडं मिनियन आहेत (इथला मिनियन म्हणजे रोबोच्या धडावर काचेच्या गोळ्यात पोहणारा मासा). त्यामुळं मेगामाइंड ही नक्कल असं बरेच जण ठोकून देतात. पण अ‍ॅनिमेशनपट काय चार महिन्यांत होत नाही, हे आधी मास्टर माइंड, मग ऊबरमाइंड अशी नावं बदलत आलेलं प्रकरण आहे, तेव्हा दोघं वेगवेगळे निघाले आणि एकाच स्टँडवर उतरले हे जास्त पटतं. मिनियन शब्दावर हक्क सांगण्यात तर अर्थच नाही, तो मुळात फ्रेंच, अर्थ लाडका.

सांगलीकराला मात्र ह्या दोघांच्याही मागं जावं लागतं. मराठी नाटकाची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात त्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकात देवपार्टी असायची तशी राक्षसपार्टीही असायची. राक्षस यायचा म्हणजे आधी आरोळी, मग राळेचा (आगीवर टाकली की भडकणारी पूड) भपका, मग तोंड रंगवून तलवारी फिरवत स्टेजभर थयथयाट, आणि त्या ओरडण्यावरूनच पुढं ह्या नाटकांना अलल्डुर्र म्हणून चिडवायला लागले. चिडवा, पण लक्षात राहिला तो राक्षसच. सिनेमाच्या शेवटाकडं बिघडलेला टायटन (तोच पॉवर मिळालेला पोरगा) शहराला वेठीला धरून बसलेला असताना मेगामाइंड येतो तो धूर, लायटिंग, रॉक म्युझिक आणि आभाळभर स्वतःचं डोकं घेऊन, आणि साधा व्हिलन आणि सुपरव्हिलन ह्यांच्यात फरक काय, तर प्रेझेंटेशन असं वर सांगतो. राळेचा भपका म्हणजे तरी दुसरं काय होतं? आमच्या गल्लीतली पोरं गॅदरिंगला राम सोडून रावण मागतात ते उगीच नाही.

आता भाव्यांची तारीख. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत (पौराणिक खेळ करणाऱ्या) मंडळींचा खेळ सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बघितला, तसं आपल्याकडं करा म्हणून भाव्यांना सांगितलं आणि १८४३ ला सीतास्वयंवर झालं, असं सर्वसाधारणपणे मानतात. तंजावरच्या भोसल्यांची मराठी नाटकं सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनची, म्हणजे वयानं थोरली, हे खरंच, पण ती परंपरा इकडं वाहत आली नाही आणि गावोगाव तिकिटावर चाललेला धंदा सुरू झाला तो भाव्यांपासून, तेव्हा सांगलीचा मान सांगलीकडंच ठेवलेला बरा. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, त्या दिवशी सांगलीत भावे गौरव पदक देतात. मेगामाइंड अमेरिकेत लागला तोही ५ नोव्हेंबरलाच. निव्वळ योगायोग, पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

मेगामाइंडची भाषा हा वेगळाच विषय. तुरुंगात वाढलेला, शब्द ऐकण्यापेक्षा वाचून शिकलेला असावा असं वाटतं, त्यामुळं मेट्रो सिटीला मेट्रॉसिटी म्हणतो, फोन उचलून हॅलोच्या जागी ओलो. इंग्लिश मीडियम उशिरा मिळालेल्या कुणालाही तो इथं जवळचा वाटेल.

संगीत हान्स झिमर आणि लॉर्न बाल्फ. २०११ मधे एक शॉर्ट फिल्म, २०२४ मधे थेट स्ट्रीमिंगवर दुसरा भाग, त्यात फेरेलचा आवाज नाही. रोखून बघणारा निळा चेहरा मीममधे अजून फिरतो, सिनेमा न बघितलेलेही तो फॉरवर्ड करतात.