हृदयातले छिद्र, टाका आणि पेसमेकर

पेसमेकर म्हटले की साठी-सत्तरीतला रुग्ण डोळ्यांपुढे येतो. पण ट्रान्झिस्टरवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पहिला पेसमेकर वापरात आला तो हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांसाठी.

२६ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शल्यचिकित्सक वॉल्टन लिलेहाय यांनी एका बाळाच्या हृदयातले छिद्र बंद केले. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन नव्हते. वडिलांचे रक्ताभिसरणच बाळाला जोडले होते. अशा शस्त्रक्रिया वाढल्या तशी नवी अडचण समोर आली. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जिथे हे छिद्र सर्वाधिक आढळते, तिथे त्याच्या मागच्या-खालच्या काठालगत हिसचा जुडगा जातो. वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खाली नेणारी हीच वाट, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. टाका तिच्यातून गेला किंवा शेजारी सूज आली, की संदेश अडतो: हा संपूर्ण हार्ट ब्लॉक. खालचे कप्पे मग आपल्या संथ गतीने चालतात. तान्ह्या बाळाचे हृदय प्रत्येक ठोक्याला फारसे जास्त रक्त ढकलू शकत नाही. ठोके निम्म्यावर आले की रक्तदाब कोसळतो. सुरुवातीची अशी बहुतेक मुले दगावली.

हृदयरोगतज्ज्ञ पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे झटके देऊन हृदय चालवून दाखवले होते. पण त्यासाठी विजेचा इतका दाब (व्होल्टेज) लागे की स्नायू आचके देत, कातडी भाजे. जागे मूल ते दिवसेंदिवस कसे सोसणार? जानेवारी १९५७ मध्ये लिलेहाय यांनी बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूत टाचून दुसरे टोक छातीबाहेर काढले. आता थोडके व्होल्ट पुरले.

तारेला वीज पुरवणारे यंत्र मात्र भिंतीतल्या सॉकेटवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ ला मिनियापोलिसची वीज गेली आणि हा कच्चा दुवा उघडा पडला. रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन यांनी मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून महिनाभरात अंगावर बाळगता येणारी, बॅटरीवरची छोटी पेटी बनवली. मेट्रोनोम हे मूळचे संगीतात ताल धरण्याचे यंत्र. निवड चपखलच म्हणायची.

पुढे जुडग्याचा मार्ग नीट कळला, टाके काठापासून दूर, पडद्याच्या उजव्या बाजूने घेतले जाऊ लागले आणि ब्लॉकचे प्रमाण खूप खाली आले. धोका शून्य झालेला नाही, म्हणून तात्पुरत्या तारा आजही लावतात. त्यांची रोज तपासणी हवी, कारण टोकाभोवती सूज येऊन दिवसागणिक जास्त करंट लागू लागतो. काल चालणारी तार आज ठोका पकडेलच असे नाही. सूज ओसरून मूळ ताल परतण्यासाठी साधारण ७ ते १० दिवस वाट पाहतात. नाहीच परतला, तर कायमचा पेसमेकर. तान्ह्या बाळाच्या शिरा अरुंद, त्यामुळे तारा हृदयाच्या बाहेरून टाचून पेटी पोटाच्या भिंतीत ठेवतात. बाकीच्यांच्या तात्पुरत्या तारा घरी जाण्याआधी हलक्या हाताने ओढून काढतात. त्यानंतर काही तास नाडी आणि रक्तदाब पाहावा लागतो, कारण क्वचित हृदयाभोवती रक्त साचते.