भुंगा आणि गोचीड: सरकारी पैसा आधी कुणासाठी?

सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराला खोडावरच्या टाचणीएवढ्या भोकाचा अर्थ सांगावा लागत नाही. भोकातून भुसा बाहेर पडतो. आत शिरलेली भुंग्याची मादी लाकूड खात नाही. ती सोबत बुरशी आणते, पोखरलेल्या बोगद्यात ती वाढवते आणि तिच्यावर पिल्लं पोसते. झाड मात्र आतून तहानेनं वाळत जातं. २०२१-२२ च्या सुमारास या ‘पिन होल बोअरर’नं तालुक्यात कित्येकांना उभ्या बागा उपटायला लावल्या. भुसा दिसेपर्यंत मादी खोडात पोचलेली असते, आणि गेरू-कीटकनाशकाचा लेप बाहेरच राहतो.

जंगलातल्या परक्या किडींचं गणितही असंच असतं. आशियातला ‘एमराल्ड ॲश बोअरर’ हा हिरवा भुंगा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यात सापडला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो काही वर्षं आधीच उतरला होता. पुढं ॲशची कोट्यवधी झाडं गेली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं लाकूड वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, कारण भुंगा आटोक्यात येत नव्हता. निर्बंधांवरचा पैसा भुंग्याच्या अळ्या-अंड्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या सोडण्याकडं वळवला. खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की असे किडे मरतात. हा आंतरराष्ट्रीय नियमही २००२ चाच. म्हणजे स्वस्त उपाय आला तेव्हा भुंगा घरात शिरला होता.

आता दुसरं पारडं, माणसांच्या आजारांचं. त्याच अमेरिकेत गोचिडीमुळं होणाऱ्या लाइम आजारासाठी दरवर्षी अंदाजे ४,७६,००० लोकांवर उपचार होतात. तापानं फणफणलेला माणूस समोर असताना झाडांसाठी पैसे मागायला तोंड धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं १५ राज्यांतली आकडेवारी तपासली, तेव्हा ॲशची झाडं मेलेल्या भागांत हृदयविकारानं सुमारे १५,००० आणि श्वसनविकारांनी सुमारे ६,००० जादा मृत्यू झाल्याचं दिसलं. हा संख्याशास्त्रीय संबंध आहे, प्रत्येक मृत्यूचं कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात कडुनिंबाखाली उभं राहिलेल्या माणसाला तो पटायला जड जाऊ नये.

आपल्याकडची गोचीड मात्र फार कमी मोजली जाते. म्हशीच्या कासेला, कानामागं चिकटलेली मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. धार काढायला बसलेला माणूस ती चिमटीत ओढतो आणि अंगठ्याच्या नखानं चिरडतो. ही सवय घातक ठरू शकते. क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू असलेली गोचीड उघड्या हातानं चिरडली तर तिच्या रक्तातून लागण होऊ शकते. भारतात हा ताप २०११ मध्ये गुजरातेत प्रथम सिद्ध झाला. त्या रुग्ण महिलेसोबत तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. जनावर मात्र आजारी दिसत नाही, त्यामुळं गोठ्यात आधी सुगावा लागत नाही.

गोचिडीतूनच पसरणाऱ्या माकडतापाची गोष्ट वेगळी. तो १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्यानं मोठा उद्रेक केला. त्याला सह्याद्रीसारखं जंगल लागतं, सोलापूरचा कोरडा माळ नव्हे. आपल्या डॉक्टरांनी आधी आठवावा तो गोचिडीमुळं होणारा रिकेट्सियल ताप, म्हणजे रिकेट्सिया जिवाणूंचा ताप. डेंग्यू, टायफॉइडच्या चाचण्या निगेटिव्ह येतात, पुरळ उशिरा उठतो आणि दिवस हातचे जातात. वास्तविक डॉक्सिसायक्लिन ही अगदी स्वस्त गोळी वेळेत मिळाली तर रुग्ण बरा होतो. विषाणूंच्या तापांवर मात्र ती चालत नाही, म्हणून तपासणी हवीच.

सोलापूरच्या जिल्हा नियोजन समितीपुढं झाडांच्या किडी की माणसांचे ताप ही निवड आली, तर माझं मत स्पष्ट आहे. मोठा वाटा माणसांच्या तापाला मिळावा: सरकारी रुग्णालयात रिकेट्सियल चाचणीचे संच, ग्रामीण डॉक्टरांचं प्रशिक्षण, पशुपालकांना हातमोजे. पण किडींच्या पाळतीचा वाटा लहान असला तरी राखीव असावा, आणि साथीच्या वर्षातही त्याला कुणी हात लावू नये. तापाची मागणी दरवर्षी रुग्णालयाच्या दारात उभी राहते. किडीवर पैसा खर्चायचा असतो तो कीड कुणाला दिसत नसताना, आणि तेव्हा तो मागणारं कुणीच नसतं. रोपवाटिकांची तपासणी, बाहेरून येणाऱ्या रोपांवर नजर आणि लावणीआधी खोड बघणारा एक जाणकार माणूस, एवढ्याची ही बाब आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहेच, त्यामुळं जाणकार लांबून आणावा लागणार नाही.

आणखी एक काम दोन्ही बाजूंना जोडून करता येईल. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या बाजारात लांबलांबची खिलार जनावरं येतात. तिथं पशुवैद्यकांनी गोचिडी गोळा करून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडं पाठवाव्यात, आणि त्याच फेरीत वनविभागानं माळावरच्या, रस्त्याकडेच्या झाडांची खोडं पाहून घ्यावीत.