मटणावरची समुद्रशेवाळाची साय

मटण घेताना आपण आधी रंग बघतो. लालभडक म्हणजे ताजं, काळपट म्हणजे शिळं, हा समज पक्का बसलेला आहे. मांसाचा रंग ठरतो तो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. ऑक्सिजन मिळाला की ते लाल, नाही मिळाला तर जांभळट, आणि बराच वेळ हवेत राहिलं की तपकिरी. जाड तुकडा मधोमध कापून बघा, आत जांभळट दिसेल. काही मिनिटांत तोच भाग लाल होतो.

मांस टिकवण्यासाठी खाता येणारे पडदे तयार होत आहेत, त्यांचं मुख्य काम ऑक्सिजन अडवणं. चरबी खवट होते ती ऑक्सिजनमुळेच. मला त्यातला अल्जिनेटचा पडदा फार आवडतो. १८८० च्या दशकात एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट वेगळं काढलं. मालवणच्या खडकांवर वाढणारं सरगॅसम याच जातकुळीचं.

सोडियम अल्जिनेटचं दोन टक्क्यांचं चिकट द्रावण करायचं, त्यात तुकडा बुडवायचा, मग कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. बघता बघता त्याच्यावर पारदर्शक, निसरडी साय धरते. अल्जिनेट ही लांबलचक साखळी असते. तिच्यातल्या ग्युल्युरॉनिक आम्लाच्या कड्या एकापुढे एक आल्या की नागमोडी वळणं पडतात, वळणांत खळगे. दोन साखळ्या समोरासमोर येतात आणि खळग्यांत कॅल्शियमचे आयन बसतात, ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. कॅल्शियमवर दोन धनभार असतात, म्हणून तो दोन्ही साखळ्या धरून ठेवतो. सोडियमवर एकच, त्याला ते जमत नाही. मॅन्युरॉनिक आम्लाच्या कड्या मात्र चपट्या, त्यांत असे खळगे नसतात. त्या जास्त असल्या की पडदा लवचीक होतो, पण कमकुवत.

या सायीतलं पाणी आधी उडतं, तोवर मांसाचा ओलावा टिकतो. त्यात ओव्यातलं थायमॉल मिसळलं तर ते हळूहळू बाहेर येऊन जिवाणूंचं पेशीपटल विस्कटतं.

‘नैसर्गिक आवरण, आता फ्रिज नको’ असं कुणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणूही असतात, त्यांना हा पडदा रोखत नाही. मांस चार अंशांच्या आसपासच ठेवायला हवं.

आणि मीठ-हळद लावायची ती शिजवायच्या वेळी. भरपूर मिठातला सोडियम खळग्यांतल्या कॅल्शियमला बाजूला सारतो, आणि पडदा फुगून सैल पडतो.