समुपदेशकाची नजर कुठे असते?

करिअर समुपदेशनाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते फ्रँक पार्सन्स समोर बसलेल्या तरुणाच्या डोक्याकडे बघत असत. अक्षरशः डोक्याकडे. शिक्षण किती, वाचन काय, तब्येत कशी असं विचारता विचारता कानाच्या पुढे, मागे आणि वर कवटी किती वाढली आहे, याचा ते अंदाज घेत. कानामागचा भाग मोठा, मान जाड आणि कपाळ बसकं असेल, तर हा माणूस बहुधा पशुवृत्तीचा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पार्सन्स दुष्ट नव्हते. १९०८ साली त्यांनी अमेरिकेत बॉस्टनमध्ये व्होकेशन ब्युरो, म्हणजे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र, काढला, तो तरुणांनी मिळेल त्या कामाला स्वतःला जुंपून घेऊ नये म्हणून. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये बाहेर आलं. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला, हे त्यांचं सूत्र या क्षेत्रात आजही शिकवलं जातं. कवटीचा भाग मात्र बहुतेकदा वगळला जातो. मला तोच जास्त शिकवणारा वाटतो, कारण डोकं बघणं हा त्यांच्या लेखी पूर्वग्रह नव्हताच. ती त्यांची पद्धत होती.

पुढे डोक्याची जागा छापील प्रश्नावलीने घेतली. एडवर्ड स्ट्राँग यांची आवडीनिवडी मोजणारी कलचाचणी १९२७ मध्ये आली आणि १९३३ मध्ये तिची स्त्रियांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. पुढच्या काळात पुरुषांचा फॉर्म निळा आणि बायकांचा गुलाबी असे. दोन्हींमधल्या व्यवसायांच्या याद्या सारख्या नव्हत्या. म्हणजे मुलीने पहिल्या प्रश्नावर खूण करण्याआधीच, कागदाच्या रंगाने तिच्या वाटा ठरवलेल्या असत. दोन्ही फॉर्म एक व्हायला १९७४ साल उजाडलं. इतकी वर्षं ही चाचणी वापरणाऱ्या बहुतेकांना आपण वस्तुनिष्ठ मोजमाप करतोय असंच वाटत असणार.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, थॉमस आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी शाळांमधल्या समुपदेशकांना मुलींच्या मुलाखतींच्या टेप ऐकवल्या. काही मुलींना तेव्हा ‘बायकांची’ समजली जाणारी कामं करायची होती, काहींना ‘पुरुषांची’. पहिल्या गटाची निवड समुपदेशकांना जास्त योग्य वाटली. दुसऱ्या गटातल्या मुलींना समुपदेशनाची जास्त गरज आहे, असंही त्यांचं मत पडलं. आणि असं म्हणणाऱ्यांत समुपदेशक पुरुष होते तशा बायकाही होत्या.

आता हे घडतं कसं? यावरचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग समुपदेशनावरचा नाहीच. १९८३ मध्ये जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना चौथीतल्या हॅना नावाच्या मुलीचं चित्रण दाखवलं. निम्म्यांना ती सुखवस्तू वस्तीत दिसली, आईवडील उच्चशिक्षित. उरलेल्यांना तीच मुलगी गरीब वस्तीत दिसली, आईवडील जेमतेम शाळा शिकलेले. एवढंच दाखवून तिची बौद्धिक पातळी विचारली, तेव्हा दोन्ही गटांची उत्तरं जवळपास सारखी आली. वस्ती बघून मुलीची हुशारी कशी सांगणार, असा सभ्य विचार त्यांनी केला असावा.

पण दोन्हीकडच्या काही जणांना आणखी एक चित्रण दाखवलं गेलं. त्यात हॅना तोंडी परीक्षा देते. काही अवघड प्रश्नांची बरोबर उत्तरं देते, काही सोपे चुकवते. सगळ्यांनी बघितलेली परीक्षा एकच, उत्तरंही तीच. तरी इथे मतं फाकली. श्रीमंत हॅना बघितलेल्यांनी तिला तिच्या इयत्तेच्या वर ठेवलं, गरीब हॅना बघितलेल्यांनी खाली. पहिल्या गटाला परीक्षाही जास्त कठीण वाटली.

पुरावा नव्हता तोवर माणसं सावध होती. पुरावा हाती येताच प्रत्येकाने त्यातून आपल्याला हवा तो वेचला, आणि पुरावा असल्यामुळे त्यांची भीड चेपली. समुपदेशनाच्या खोलीत पुराव्याला तोटा नसतो: गुणपत्रिका, कलचाचणीचा आलेख, अर्ध्या तासाची बातचीत. जितकी माहिती जास्त, तितका निर्णय निःपक्ष, हा आपला भाबडा समज.

शिवाय समुपदेशक नुसता बघत नाही, तो विचारतो. मार्क स्नायडर आणि विल्यम स्वॉन यांनी १९७८ मध्ये काही जणांना एक काम दिलं: अमुक माणूस बोलका आहे का, हे त्याला प्रश्न विचारून तपासा. बहुतेकांनी प्रश्न असे निवडले की उत्तर देणारा बोलकाच वाटावा. ‘अबोल आहे का’ हे तपासायला सांगितलेल्यांनी नेमके उलटे प्रश्न घेतले. आता समजा, एका मुलाला वैमानिक व्हायचं आहे आणि एका मुलीलाही. त्याला विचारलं जातं, “विमानांची आवड कधीपासून?” तिला विचारलं जातं, “इतके दिवस घरापासून लांब राहणं जमेल का?” तो खुलून बोलतो, ती क्षणभर थबकते. समुपदेशकाच्या वहीत तिच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ अशी नोंद होते. नोंद खोटी नाही, ती खरोखरच थबकली होती. पण ते थबकणं तयार कुणी केलं?

संस्कृतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि तो नुसत्या मुलगा-मुलगी भेदापेक्षा जास्त चकवतो. पार्सन्सपासून चालत आलेल्या या विद्येचा मूळ घटक आहे एकटा माणूस: त्याची आवड, त्याची क्षमता, त्याची निवड. जगातली बरीच माणसं मात्र असे निर्णय एकट्याने घेत नाहीत आणि त्यात त्यांना काही उणंही वाटत नाही. अशा घरातला तरुण म्हणतो, “घरच्यांशी बोलून सांगतो.” मोठ्या निर्णयात चार जणांचं ऐकणं ही त्याच्या लेखी जबाबदारी. वहीत मात्र ती ‘निर्णयक्षमता कमी’ अशी उतरते, आणि पुढचा समुपदेशक तीच वही उघडतो. गप्प बसणं, नजरेला नजर न देणं, स्वतःची बढाई न मारणं, या सगळ्याचं असंच होतं.

यावर १९९२ मध्ये डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी समुपदेशकाच्या सांस्कृतिक क्षमतेचा एक आराखडा मांडला. त्याचे पाय तीन: आपल्या स्वतःच्या धारणांची जाणीव, समोरच्याच्या जगाचं ज्ञान, आणि त्याला साजेशी कौशल्यं. आराखडा चांगलाच आहे, पण दुसरा पाय घसरडा. ‘अमुक समाजातले लोक कुटुंबाला विचारून ठरवतात’ हे वाचलेला समुपदेशक, घरच्यांचा निर्णय टाळण्यासाठीच गुपचूप आलेल्या मुलीला सांगतो, “आईवडिलांना घेऊन ये.” जुना पूर्वग्रह गेला आणि त्याच्या जागी अभ्यासपूर्ण पूर्वग्रह आला. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक नम्रता’ असा शब्द पुढे केला तो यासाठीच. दुसऱ्याची संस्कृती शिकून संपत नाही, म्हणून त्यालाच विचारायचं आणि विचारत राहायचं. मला हा शब्द ‘क्षमते’पेक्षा पटतो. क्षमतेचं प्रमाणपत्र मिळतं, नम्रतेचं मिळत नाही.

मग स्वतःच्या मनात डोकावून पूर्वग्रह काढून टाकावा का? एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की पूर्वग्रह आपल्याला इतरांत सहज दिसतो, स्वतःत दिसत नाही. आपला तो बाब्या. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सुप्त पूर्वग्रहाच्या चाचणीतले आकडे थोडेफार हलवता येतात असं दिसलं. पण त्यामुळे माणसाचं वागणं बदलतं असा आधार सापडला नाही. त्यामुळे एक दिवसाच्या कार्यशाळेवर माझी फारशी भिस्त नाही.

त्यापेक्षा कामाची रीत बदलणं सोपं. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. “हा निर्णय तुमच्याकडे कसा घेतला जातो?” हा प्रश्नही त्यातच, म्हणजे अंदाज बांधायची वेळच येणार नाही. वहीत ‘निर्णयक्षमता कमी’ असं अनुमान न लिहिता समोरचा काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. कलचाचणीत एखाद्या क्षेत्राला शून्य गुण पडले, तर ते काम त्याने कधी जवळून पाहिलं आहे का, हे आधी विचारायचं. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की ‘हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’ म्हणून मुलं कितीतरी वाटा शाळकरी वयातच पुसून टाकतात. त्यामुळे नावड आणि अनोळख यांतला फरक आलेखात दिसत नाही, तो विचारूनच कळतो.

आणि वर्षातून एकदा कपाटातल्या जुन्या वह्या बाहेर काढायच्या. नाव, पत्ता, आईवडिलांचा व्यवसाय यांवर कागदाची पट्टी लावायची. कुणाला काय सुचवलं, त्याप्रमाणे वह्यांचे गठ्ठे करायचे, टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, आणि मग एकेक पट्टी काढायची.